पुढच्या दोन खोल्यांचा दावा

अण्णांनी आमच्याच घरातल्या दोन खोल्यांसाठी कोर्टात दावा लावला होता, तो काळ मला आठवतो तो मुख्यतः खाण्यापिण्याचा आणि हसण्याचा म्हणून. हे सांगितलं की लोक माझ्याकडे जरा काळजीने बघतात. घरमालकाने भाडेकरूवर दावा लावला म्हणजे नळ तोडायचा, दारात कचरा लोटायचा, पोराबाळांनी एकमेकांशी बोलायचं बंद करायचं, अशी सगळ्यांची समजूत. आमच्याकडे वादी आणि प्रतिवादी एकाच स्कूटरवरून तारखेला जात. दोघांनाही एकाच वेळी एकाच ठिकाणी पोचायचं असे आणि नगरच्या सावेडीत तेव्हा रिक्षा वेळेवर मिळेलच याची खात्री नसे. अण्णा पुढे, मास्तर मागे, आणि दोघांच्या मध्ये आईने बांधून दिलेला डबा. डब्यात भाकऱ्या चौघांना पुरतील एवढ्या, कारण दोन्ही बाजूंचे वकील केव्हा येऊन बसतील याचा नेम नसे.

आमचं घर त्या वेळी वस्तीच्या अगदी कडेला होतं. मागे ज्वारीचं रान, पुढे कच्चा रस्ता आणि वाऱ्याच्या दिवसांत भांड्याकुंड्यांवर मातीचा थर. अण्णा पाटबंधारे खात्यात कारकून होते. मूळचे कोल्हारचे, शेतकरी घरातले. नोकरीसाठी नगरला आले, प्लॉट घेतला, चार खोल्या बांधल्या आणि पुढच्या दोन भाड्याने दिल्या. आता तिथे फ्लॅट झालेत आणि शहराचं नावही बदललंय, पण माझ्या तोंडून अजून नगरच निघतं. जीभ या वयात ऐकत नाही.

पुढच्या खोल्यांत शांतवन साळवे मास्तर आणि मार्थाबाई राहत. मी तीन वर्षांची असताना ते आले. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, उंच, सडपातळ, रोज सकाळी पेटीवर भजन म्हणणारे. मार्थाबाई मिशनच्या दवाखान्यात नर्स. मी त्यांना मावशी म्हणायची. मधली भिंत एकविटी, त्यामुळे मास्तरांची पेटी आणि आईचं भाकरी थापणं एकाच लयीत चाले. मास्तर सूर धरून थांबले की आईचा हातही थांबायचा. आईने हुलग्याचे शेंगोळे केले की एक वाडगं खिडकीतून पलीकडे जाई आणि ते रिकामं कधी परत येत नसे. नाताळात मावशींच्या करंज्या यायच्या. आईच्या दिवाळीच्या करंज्यांपेक्षा त्या खुसखुशीत असत. हे आईलाही मान्य होतं, पण ती ते फक्त मावशी ड्युटीवर गेल्यावर बोलून दाखवी.

हे सगळं सुखाने चाललं असताना कोल्हारहून आक्का आली. आक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. येताना पेरूंची पाटी आणायची आणि जाताना कुणाच्या ना कुणाच्या डोक्यात काहीतरी भरवून जायची. मी नुकतीच बारावी झाले होते आणि सुट्टीत शिवणाचा कोर्स केला होता. तोही शेजारच्या मैत्रिणीला सोबत म्हणून.

"अन्ना," आक्का म्हणाली, "पोरगी शिकली तेवढी बास झाली. आता लांब कुटं धाडू नगंस. ह्या पुढल्या खोल्यांत तिला शिवनाचा क्लास काढून दे. डोळ्याम्होरं ऱ्हाईल, आन् बघायला येनाऱ्या पाव्हन्यांनाबी बरं वाटंल."

"आन् मास्तरांचं काय?"

"मास्तरांनी काय जनमभर ऱ्हायचं लिवून घेतलंय व्हय?"

मला कुणी काही विचारलं नाही. मी तिथेच बसून पेरूला मीठ-तिखट लावत होते. अण्णा तसे फार मायेचे, पण एखादी गोष्ट माझ्या भल्याची आहे असं एकदा ठरलं की मला विचारायचं त्यांच्या ध्यानातच येत नसे. आठ दिवसांत शिलाई मशीन आलं. त्यामागून पेंटरकडून बोर्डही रंगवून आला: निळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, 'शकुंतला शिवणक्लास, फक्त महिलांसाठी'. जागा मिळायची होती, क्लासला एकही पोरगी ठरली नव्हती, आणि चालवणारीची मर्जी तर कुणी बघितलीच नव्हती. बोर्ड कॉटखाली जाऊन पडला.

अण्णांनी मास्तरांना रीतसर विचारलं. मास्तरांनी खरोखर जागा शोधली. दोन महिने पायी हिंडले. पण दवाखान्याजवळ घर मिळेना, आणि काही ठिकाणी तर साळवे शांतवन एवढं नाव सांगितलं की ती जागा कालच कुणाला तरी दिलेली असे. मास्तर हे हसत सांगायचे. मला तेव्हा त्यातलं कळत नव्हतं, पण आईचा चेहरा पडायचा. शेवटी अण्णा एकदा ओट्यावर बसून म्हणाले, "मास्तर, मग मला कोर्टात जावं लागंल." मास्तर म्हणाले, "जा की, अण्णासाहेब. तुम्हाला कायद्याने मागायचा हक्क आहे आणि मला कायद्याने राहायचा. साहेब काय ते ठरवतील." आणि दोघांनी चहा घेतला.

वकिलांनी अण्णांना समजावलं ते मी शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकलं. भाडेकरू वेळेवर भाडं देत असेल तर त्याला उगाच काढता येत नाही. जागा स्वतःला किंवा घरातल्या माणसाला खरोखर हवी आहे हे दाखवावं लागतं. शिवाय साहेब दोन्ही पारडी बघणार: जागा न मिळाल्याने मालकाची अडचण जास्त, की सोडावी लागल्याने भाडेकरूची. आधी नोटीस, मग दावा, मग समन्स, मग समोरच्याची कैफियत, मग साक्षीपुरावे. "तर तुमची गरज काय?" वकिलांनी विचारलं. अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं. अशी मी अण्णांची गरज झाले. पुढे दाव्याचा कागद वाचला तेव्हा त्यात आमच्या पुढच्या खोल्यांना 'दावा मिळकत' म्हटलेलं, आणि चौथ्या कलमात लिहिलेलं की वादीच्या मुलीस शिवणकामाची अत्यंत आवड आहे. परीक्षेत मी एकाच झबल्याला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या होत्या.

पहिली नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली, पोचपावतीसह. आता आमच्या घराची एक रीत होती. साळवे नवरा-बायको बाहेर असले की त्यांचं टपाल आई घ्यायची, सही करायची आणि संध्याकाळी नेऊन द्यायची. पोस्टमन वर्षानुवर्षं तेच करत आला होता. अण्णांच्या वकिलाने मास्तरांना पाठवलेली जागा खाली करण्याची नोटीस आईने सही करून घेतली, वर पोस्टमनला पाणी दिलं, आणि सात-आठ दिवसांनी पोचपावती वकिलांकडे परत गेली ती आईच्या सहीची. वकिलांनी अण्णांना बोलावून घेतलं.

"वादीच्या बायकोने प्रतिवादीची नोटीस स्वीकारली? अहो, हे मी साहेबांपुढे दाखवू कसं?"

अण्णा घरी येऊन आईवर ओरडले. आई म्हणाली, "मग त्यांचं टपाल मी परत पाटवू व्हय? मास्तर काय म्हनतील मला?"

नोटीस पुन्हा पाठवावी लागली. या वेळी पोस्टमन येणार त्या दिवशी आईने मास्तरांना बजावून घरी थांबवून ठेवलं. "आज कुटं जाऊ नका, तुमची नोटीस येनार हाय," असं खिडकीतून सांगितलं. मास्तरांनी सही करून नोटीस घेतली, ओट्यावर बसून ती खणखणीत आवाजात मावशींना वाचून दाखवली आणि आत येऊन अण्णांना म्हणाले, "तुमच्या वकिलाची भाषा चांगली आहे हो." अण्णांना त्याचाही थोडा अभिमान वाटला. आता माझा भाचा मोबाईलवर बघून कुठल्या दाव्याची पुढची तारीख कधी ते क्षणात सांगतो. सोय मोठी आहे, पण नोटीस खिडकीतून सांगायची सोय त्यात नाही.

माझी गोष्ट मात्र या सगळ्यात बाजूला, गुपचूप चालली होती. मला नर्स व्हायचं होतं. लहानपणापासून मावशींबरोबर दवाखान्यात जाऊन बसायची मला सवय. मलमपट्टी बघताना माझ्या मैत्रिणी तोंड फिरवत, मी पुढे सरकून बघायची. कुणाचं तरी रडणारं मूल मावशींच्या हातात गेलं की गप्प व्हायचं, आणि मला वाटायचं, हे मला यायला पाहिजे. अण्णांकडे एकदाच विषय काढला. "रातपाळ्या, आन् परक्या लोकांचं हागलं-मुतलं काढायचं? आपल्या घरातल्या पोरीनं?" एवढं बोलून ते स्कूटर पुसायला गेले. मी रडले. मग मावशींच्या पत्त्यावर, त्यांच्या मार्फत, दवाखान्याच्याच नर्सिंग स्कूलचा फॉर्म मागवला आणि भरून पाठवला. मुलाखतीचं पत्रही तिथेच आलं. पण त्यासोबत आलेल्या संमतीच्या फॉर्मवर पालकाची सही लागायची. मी म्हटलं, मी करते अण्णांसारखी. मावशींनी फॉर्म माझ्या हातातून काढून घेतला.

"सही बापाचीच पाहिजे. खोटी केलीस तर मी स्वतः फाडीन हा कागद. आणि शकू, हे मी कुणाजवळ बोलणार नाही. मास्तरांजवळसुद्धा नाही. तुझ्या घरात तू सांगायचंस."

त्यांनी शब्द पाळला, आणि तो किती महागात पडू शकत होता ते मला साक्षीच्या दिवशी कळलं.

त्या दिवशी वकिलांनी बोर्ड आणायला सांगितलं होतं. गरज खरी आहे, नुसती कागदावरची नाही, याचा पुरावा म्हणून. स्कूटरवर बोर्ड धरायला मागे माणूस पाहिजे, आणि मागे मास्तरच बसणार. तेव्हा ज्या बोर्डामुळे त्यांचं घर जायचं होतं तो बोर्ड मांडीवर उभा धरून, वाऱ्याला तोंड देत, मास्तर सबंध सावेडी रस्त्याने कोर्टापर्यंत गेले. वाटेत ओळखीचे लोक हाक मारत, "मास्तर, शिवणक्लास काढला का?" आई, मावशी आणि मी रिक्षातून मागे होतो. मावशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. मी मात्र पाठ केलेलं उत्तर मनात घोकत होते. वकिलांनी आदल्या दिवशी मला तीन-चारदा पढवलं होतं. काहीही विचारलं तरी म्हणायचं, क्लास मीच चालवणार, याच खोल्यांत चालवणार.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली टायपिस्ट टकटक करत होते. आम्ही तिथेच बसून डबा खाल्ला. दुपारी पुकारा झाला. मी पिंजऱ्यात उभी राहिले आणि शिपायाने शपथ सांगितली: ईश्वरासमक्ष शपथ घेते की खरं सांगेन. मी शब्द म्हटले. आमच्या घरात शपथ म्हणजे चेष्टा नव्हती. लहानपणी आईने आमच्याकडून खरं काढून घेतलं ते नेहमी शपथेवरच.

आमच्या वकिलांचे प्रश्न सोपे होते. शिवणाचा कोर्स केलाय? केलाय. हा बोर्ड तुमच्या नावाचा? हो. वडिलांना क्लास कुणासाठी काढायचाय? माझ्यासाठी. सगळी उत्तरं खरी. वकील खूश होऊन बसले. मग मास्तरांचे वकील उठले. तरुण होते, नवखे. मागच्या खोलीत मशीन मावत नाही का, अंगणात पत्रे टाकता येणार नाहीत का, असलं काहीबाही विचारत राहिले. त्यांना काहीच माहीत नव्हतं हे उघड दिसत होतं. मी मावशींकडे बघितलं. त्या मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांनी वकिलांना एक वाक्य सांगितलं असतं तर दावा तिथेच संपला असता आणि त्यांचं घर वाचलं असतं. त्यांनी ते सांगितलं नव्हतं, आणि आता माझ्याकडे बघतही नव्हत्या, उगाच मला दडपण यायला नको म्हणून. मला मावशींबद्दल त्या क्षणी जे वाटलं ते पुढे फार थोड्यांबद्दल वाटलं.

वकिलांनी कागद मिटता मिटता सहज विचारलं, "म्हणजे हा क्लास तुम्ही स्वतः चालवणार?"

मी म्हणाले, "नाही. मला नर्स व्हायचंय."

टायपिस्टचा हात थांबला. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं.

"हे वडिलांना माहीत आहे का?"

"आता झालं, साहेब."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी तिकडे रोखून बघितलं, पण त्यांच्याही ओठांचं काही खरं नव्हतं.

"मुली, हे उत्तर तुला कुणी शिकवून पाठवलंय का?"

"नाही साहेब. शिकवलेलं उत्तर वेगळं होतं."

आमचे वकील एवढे खोकले की शिपायाने त्यांना पाणी आणून दिलं. अण्णा मात्र खुर्चीत ताठ बसून होते. त्यांच्याकडे दुसऱ्यांदा बघायचं धाडस मला झालं नाही.

त्या दिवशी पहिल्यांदाच अण्णा मास्तरांना न घेता एकटे स्कूटरवरून गेले. आम्ही चौघं एका रिक्षात, बोर्ड सगळ्यांच्या गुडघ्यांवर आडवा. नंतर चार दिवस अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. जेवत मात्र व्यवस्थित होते आणि मीठ कमी-जास्त झालं की आईला सांगत होते. चौथ्या दिवशी आईचा तोल गेला.

"पोरीनं कोर्टात खरं सांगितलं म्हनून रुसलाय व्हय? मग शपत कशाला देत्यात तितं? आन् मला तर कवाच म्हाईत हुतं. ते पत्र सही करून मीच घेतलं. वर नाव शकूचं, मार्फत मार्थाबाई. मला काय वाचता येत न्हाई?"

हे मलाही नवीन होतं.

पाचव्या दिवशी मास्तर आत आले. बसले नाहीत. म्हणाले, "अण्णासाहेब, मी खोल्या सोडतो. तुमच्या कोल्हारच्या बाजूच्या बेलापूरला माझा भाऊ आहे, तिकडे जाऊ आम्ही. मार्था बसने ये-जा करील. माझी जागा वाचावी म्हणून पोर असं बोलली, असं तुमच्या मनात राहायला नको. खोल्या घ्या, पण तिला जाऊ द्या."

अण्णांनी मास्तरांसाठी खुर्ची ओढली. मग म्हणाले, "खोल्या घिऊन काय करू, मास्तर? तितं बसायला पोरगी कुटं हाय? बसा, चहा घ्या." पुढच्या तारखेला त्यांनी दावा काढून घेतला. दोघं स्कूटरवरून गेले, स्कूटरवरून आले आणि येताना भेळ बांधून आणली. बोर्ड आईने पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून टाकला आणि त्याने पुष्कळ वर्षं काम दिलं. आक्काला कुणी काही कळवलं नाही. ती पुढच्या पेरूंच्या वेळी आली तेव्हा तिला पत्ता लागला, आणि मग तिने सबंध दुपार बोलून घेतलं.

पण माझ्या फॉर्मबद्दल अण्णा एक अक्षर बोलले नव्हते. मुलाखतीचा दिवस आला. पत्रात लिहिलं होतं, पालकांनी सोबत यावं. मी सकाळी तयार होऊन नुसती बसून राहिले. मावशी दवाखान्यात जाऊन पोचल्याही असतील, असं मनात येत होतं. वेळ जात होता, आणि मला वाटायला लागलं की साक्षीत मी घर वाचवलं ते मास्तरांचं, माझं काही झालं नाही. तेवढ्यात अण्णा कोर्टात जाताना घालायचे तो इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले आणि आईवर ओरडले, "तिचा डबा कुटं हाय?"

दवाखान्याच्या कचेरीत तीन बायका बसल्या होत्या. मधल्या मेट्रनबाई कडक दिसत होत्या. मला त्यांनी काय विचारलं ते मला आता सांगता यायचं नाही. अण्णांना मात्र त्यांनी विचारलं ते चांगलं आठवतं.

"तुमची मनापासून संमती आहे ना? बरेच वडील मागून येऊन मुलीला घेऊन जातात."

अण्णा हात जोडून उभे राहिले. बसायला सांगितलं होतं, तरी उभे राहिले.

"बाई, ती न्यायाधीशापुढं शपत घिऊन बोलली हाय. मी समोर बसलो हुतो. आता न्हाई म्हनायला माझं तोंड राहिलं न्हाई." जरा थांबून म्हणाले, "आन् म्हनायचंबी न्हाई."

मेट्रनबाईंनी फॉर्म पुढे सरकवला. अण्णांनी खिशातलं पेन काढलं आणि जपून, एकेक अक्षर लावत सही केली. मेट्रनबाईंनी फॉर्म उचलला, वाचला आणि परत त्यांच्याकडे फिरवला.

"हे खाली काय लिहिलंय?"

मी वाकून बघितलं. गेली दोन वर्षं वकील जो कागद पुढे ठेवतील त्यावर अण्णा सही करत आणि तिच्याखाली एक शब्द लिहीत, तसंच त्यांना बजावलेलं होतं. माझ्या संमतीपत्रावर, पालकाच्या सहीखाली, त्यांनी सवयीने लिहिलं होतं: 'वादी'.

अण्णा कानापर्यंत लाल झाले. "चुकलं, बाई," म्हणाले. त्यांनी तो शब्द खोडला, नीट दोनदा आडवी रेघ मारून, आणि शेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'वडील'.